पाच प्रश्न आणि एक सही : कोरियाच्या शिक्षक-व्हिसाच्या आरोग्यपत्रकावर भाष्य

दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायला निघालेल्या परदेशी माणसाकडून व्हिसाच्या अर्जासोबत एक पानी आरोग्यपत्रक भरून घेतले जाते. २००७ च्या डिसेंबरात तिथल्या न्याय मंत्रालयाने ई-२ व्हिसाचे नियम कडक केले. गुन्ह्यांची नोंद नसल्याचा दाखला, कोरियात पोचल्यावर रक्त-लघवीची तपासणी आणि हे पत्रक असे तिन्ही एकदम लागू झाले. पत्रकात पाच प्रश्न होते, प्रत्येकापुढे हो-नाहीचे चौकोन, ‘हो’ असेल तर तपशील लिहायला जागा आणि तळाशी सही. त्या वेळच्या पत्रकातली एकेक ओळ पुढे घेतली आहे. ओळी शब्दशः दिलेल्या नाहीत, आशय मराठीत आणला आहे. माझे म्हणणे आधीच सांगतो : या पानाचे नाव आरोग्याचे असले तरी त्यावरची बरीचशी चौकशी चारित्र्याची आहे, आणि ती वर्गातल्या सगळ्या शिक्षकांची नाही, ठराविक शिक्षकांचीच आहे.

मथळा : ई-२ व्हिसाच्या अर्जदाराचे आरोग्यविषयक निवेदन

मथळ्यातल्या ‘ई-२’ वर थांबायला हवे, कारण पुढचा सारा वाद तिथून सुरू होतो. हा व्हिसा परदेशी भाषा शिकवणाऱ्यांचा. इंग्रजीसाठी तो मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारतीयांसाठी दार जरा उशिरा आणि जरा कमी उघडले. भारत आणि कोरिया यांच्यातला व्यापक आर्थिक भागीदारी करार २०१० च्या १ जानेवारीला अमलात आला. त्यामुळे इंग्रजीची पदवी आणि शिक्षकाची पात्रता असलेल्या भारतीयाला तिथल्या सरकारी शाळांत सहायक शिक्षक म्हणून जाता येते. पुण्या-नाशिकची बी.एड. झालेली शिक्षिका तिकडे निघाली तर तिलाही हीच वाट धरावी लागते.

आता हे पत्रक कोणाला भरावे लागत नव्हते ते पाहा. वर्गात इंग्रजी शिकवणाऱ्या कोरियन नागरिकाला नाही. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेल्या, अमेरिकी पासपोर्ट असलेल्या, पण आईवडील कोरियन असलेल्या शिक्षकालाही नाही, कारण त्याला परदेशस्थ कोरियनांचा वेगळा व्हिसा मिळतो. तो आणि ई-२ वर आलेला अमेरिकी शिक्षक, दोघे एकाच हाग्वॉनमध्ये, म्हणजे तिथल्या खासगी शिकवणीत, एकाच पुस्तकातून, त्याच मुलांना शिकवत. एकाची तपासणी होत असे, दुसऱ्याची होत नसे, आणि दोघांत फरक असे तो वंशाचा. रोगाचा जंतू किंवा अमली पदार्थाचा अंश आईबाप कोणत्या वंशाचे हे पाहून शरीरात शिरत नाही, एवढे तर नियम लिहिणाऱ्यालाही ठाऊक असणार.

मग नियम आला कशामुळे? २००७ च्या ऑक्टोबरात इंटरपोलने एका बालशोषकाचा चेहरा जगापुढे ठेवला. काही दिवसांतच तो थायलंडमध्ये पकडला गेला. हा कॅनेडियन माणूस त्याआधी कोरियातल्या ग्वांगजूत इंग्रजी शिकवत होता. कोरियन पालकांचा संताप अगदी रास्त होता. आपल्या मुलांपुढे कोण उभा राहतो याची चौकशी सरकारने आधी का केली नाही, हा त्यांचा प्रश्नही रास्त होता. पूर्वगुन्ह्यांचा दाखला मागणे हे त्याचे सरळ उत्तर ठरले असते. पण उत्तरात रक्त आणि लघवीही आली. त्या माणसाचा गुन्हा ना नशेचा होता ना एचआयव्हीचा, आणि कोणत्याही तपासणीने तो आधी उघड झाला नसता. परदेशी इंग्रजी शिक्षक म्हणजे बेशिस्त, व्यसनी, मुलींच्या मागे लागणारा, असे चित्र तिथल्या वर्तमानपत्रांत आणि इंटरनेटवरच्या मंडळांत २००५ पासूनच रंगत होते. एका खऱ्या गुन्ह्याने त्या चित्राला धोरणाचे रूप दिले.

पहिला प्रश्न : सार्वजनिक आरोग्याला धोका ठरेल असा संसर्गजन्य रोग तुम्हाला कधी झाला आहे का?

या ओळीवर फार बोलण्यासारखे नाही. क्षयरोगाची चौकशी करण्याचा अधिकार कोणत्याही देशाला आहे. दिवसभर बंद वर्गात मुलांबरोबर बसणाऱ्याच्या छातीचा एक्स-रे मागितला तर त्यात कोणाचा अपमान होत नाही. खटकतो तो ‘कधी’. दहा वर्षांपूर्वी सहा महिन्यांचे औषध पुरे करून बरा झालेला क्षयरोगी आज कोणालाही धोका नाही. प्रश्न आजच्या संसर्गाचा असायला हवा होता.

दुसरा प्रश्न : तुम्ही कधी अमली पदार्थ घेतला आहे का, किंवा तुम्हाला दारूचे व्यसन होते का?

पत्रकातली सर्वांत जड ओळ हीच. पहिली अडचण तिच्या रचनेत आहे. दारूच्या बाबतीत व्यसन विचारले आहे, अमली पदार्थाच्या बाबतीत एकदा घेणेही विचारले आहे, आणि दोन्हींना मिळून एकच चौकोन. ‘हो’ म्हणणारा वीस वर्षांपूर्वी कॉलेजात गांजाचा एक झुरका घेऊन थांबलेला असू शकतो, किंवा दारू सोडून पंधरा वर्षे झालेला असू शकतो. दोघांचे उत्तर एकच दिसेल, आणि त्यांच्याविषयी त्यातून काहीही कळणार नाही.

दुसरी अडचण कायद्याची. कोरियाने १९७६ मध्ये गांजाविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. २००० मध्ये तो आणि इतर कायदे मिळून आजचा अमली पदार्थ नियंत्रण कायदा झाला. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बुसानच्या आसपास मेथअँफेटामिन तयार होऊन जपानला जात असे. कोरियात याला फिलोपॉन म्हणतात. सरकारने ते धंदे मोडून काढले. या इतिहासामुळे नशेविषयी तिथल्या समाजाची भूमिका कडक आहे, आणि तशी असण्याचा त्यांना अधिकार आहे. पण शिक्षक येतात ते वेगळ्या कायद्यांच्या देशांतून. कॅनडाने २०१८ च्या १७ ऑक्टोबरला गांजा कायदेशीर केला. कोरियन सरकारने तेव्हा आपल्या नागरिकांना बजावले, की कॅनडात ओढला तरी मायदेशी खटला होईल. टोरोंटोच्या शिक्षकाने घरच्या कायद्यात राहून जे केले, ते सोलला पोचल्यावर त्याच्या लघवीत सापडते आणि नोकरी धोक्यात येते.

आपल्याकडेही अशी एक गाठ आहे. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात चरस आणि गांजा येतात. शेंड्याशिवायची नुसती पाने आणि बिया त्या व्याख्येबाहेर राहतात, म्हणून पानांची भांग केंद्रीय कायद्याच्या कक्षेत येत नाही. तिचे नियमन राज्ये करतात. पण होळीची किंवा महाशिवरात्रीची थंडाई प्यायलेल्या माणसाच्या लघवीत टीएचसीचे, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाचे, जे अवशेष सापडतात, ते गांजा ओढणाऱ्याच्या लघवीतल्यासारखेच असतात. कायद्याने केलेला भेद प्रयोगशाळेत दिसत नाही. कोरियाची तयारी करणाऱ्या मराठी उमेदवाराने हे मनावर घ्यावे. कधीतरीच घेणाऱ्याच्या लघवीत ते अवशेष दोन-चार दिवस टिकतात, रोज घेणाऱ्याच्या लघवीत महिनाभर, कधी त्याहूनही जास्त. मेथअँफेटामिन आणि कोकेन मात्र साधारण दोन ते चार दिवसांत निघून जातात. म्हणजे ठरलेल्या तारखेच्या तपासणीत जास्त घातक पदार्थ घेणारा आठवडाभर आवरून सुटू शकतो, आणि महिन्यापूर्वी गांजा सोडलेला अडकू शकतो.

तिसरी अडचण औषधांची. एकाग्रतेच्या विकारावर अमेरिकेत सर्रास दिले जाणारे अ‍ॅडरॉल हे अँफेटामिन आहे, आणि कोरियात त्यावर बंदी आहे. २०१५ मध्ये तिथे इंग्रजी शिकवणाऱ्या एका अमेरिकी तरुणीला आईने टपालाने तिचे हेच औषध पाठवले. डॉक्टरांनी लिहून दिलेले ते औषध तिला काही आठवडे कोठडीत घेऊन गेले. पत्रकातल्या दुसऱ्या प्रश्नात डॉक्टरांनी दिलेले औषध आणि नशेसाठी घेतलेला पदार्थ यांत फरक करायला जागाच नाही.

तिसरा प्रश्न : मानसिक, मज्जाविकाराच्या किंवा भावनिक त्रासावर तुम्ही कधी उपचार घेतले आहेत का?

इथे त्रास आहे का असे विचारलेले नाही, उपचार घेतले का असे विचारले आहे. वडील गेल्यावर सहा महिने समुपदेशकाकडे गेलेली शिक्षिका ‘हो’ लिहील. मनात काळोख असूनही कोणाकडेच न गेलेला शिक्षक खरे बोलून ‘नाही’ लिहील. जो मदत घेतो तो संशयात, जो घेत नाही तो स्वच्छ. परक्या देशात, परक्या भाषेत, घरापासून हजारो किलोमीटर दूर वर्षभर राहणाऱ्या माणसाने मन जड झाले तर लवकर डॉक्टरकडे जावे, असे त्याची शाळाही म्हणेल. पत्रक त्याला नेमके उलट शिकवते. माझ्या मते पाचही प्रश्नांत सर्वांत हानिकारक प्रश्न हाच आहे, आणि त्याच्याविषयी सर्वांत कमी बोलले गेले आहे.

चौथा प्रश्न : तुम्हाला एचआयव्हीची लागण आहे का?

या ओळीचा इतिहास सविस्तर सांगायला हवा, कारण अमली पदार्थांच्या तपासणीविरुद्धची लढाईही याच ओळीच्या आडून लढली गेली. न्यूझीलंडची एक शिक्षिका उल्सान शहरातल्या शाळेत इंग्रजी शिकवत होती. संयुक्त राष्ट्रांच्या कागदांत तिची फक्त आद्याक्षरे आहेत : एल. जी. आल्याबरोबर तिने एचआयव्ही आणि अमली पदार्थ, दोन्ही तपासण्या करून घेतल्या होत्या. २००९ मध्ये कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी उल्सानच्या शिक्षण कार्यालयाने तिच्याकडे दोन्ही पुन्हा मागितल्या. तिने नकार दिला. कोरियन सहकाऱ्यांना, कोरियन वंशाच्या परदेशी शिक्षकांना हे करावे लागत नाही, मग मलाच का, एवढेच तिचे म्हणणे होते. तिची नोकरी गेली.

ती लवादाकडे गेली. तिथे तिच्या मालकांनी या तपासण्या परदेशी इंग्रजी शिक्षकांची मूल्ये आणि नैतिकता पडताळण्याचे साधन मानल्या जातात, अशा अर्थाचे सांगितले, असे तिने संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीपुढे मांडले. समितीने आपल्या निर्णयात त्याची दखल घेतली. विषाणूच्या चाचणीने माणसाचे शील कळते, हा समज सरकारी कार्यालयाच्या तोंडून इतक्या उघडपणे क्वचितच बाहेर पडतो. एचआयव्ही रक्तातून, असुरक्षित संबंधांतून, आईकडून बाळाला होतो. फळ्यावर लिहिण्याने, मुलाच्या वहीवर खूण करण्याने, एकाच डब्यात जेवल्याने होत नाही. २००७ मध्येही हे वैद्यकशास्त्राला पुरते ठाऊक होते. शिवाय त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचे महासचिव झालेले बान की-मून हे कोरियाचेच. एचआयव्हीच्या नावाखाली लोकांच्या प्रवासावर घातलेली बंधने उठवा, असे ते जगाला सांगत होते. अमेरिकेने अशी जुनी बंदी २०१० च्या जानेवारीत उठवलीही.

२०१५ च्या १ मे रोजी समितीने निर्णय दिला. कोरियन वंशाच्या नसलेल्या परदेशी इंग्रजी शिक्षकांपुरतीच सक्तीची तपासणी सार्वजनिक आरोग्याच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही कारणाने समर्थनीय ठरत नाही, आणि ती वंशभेदाविरुद्धच्या कराराचा भंग आहे, असे समितीने म्हटले. २०१६ मध्ये कोरियाच्या मानवी हक्क आयोगाने एचआयव्ही चाचणी बंद करण्याची शिफारस केली. २०१७ मध्ये न्याय मंत्रालयाने ती काढून टाकली. २०१९ मध्ये सोलच्या न्यायालयाने त्या शिक्षिकेला ३ कोटी वॉनची भरपाई देण्याचा आदेश सरकारला दिला. नकारापासून आदेशापर्यंत दहा वर्षे लागली.

गोव्याच्या वाचकाला यात काहीतरी ओळखीचे वाटेल. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाला एचआयव्ही असल्याचे रक्तदानातून कळताच सरकारने त्याला म्हापशात, क्षयरोग्यांच्या जुन्या इस्पितळात ६४ दिवस एकटे कोंडून ठेवले. राज्याच्या आरोग्य कायद्यात तशी तरतूद होती. त्याच्या आईने आव्हान दिले, पण मुंबई उच्च न्यायालयाने ती तरतूद कायम ठेवली. भारतात नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालण्यास मनाई करणारा एचआयव्ही-एड्स कायदा संमत झाला तो २०१७ मध्ये, म्हणजे कोरियाने ही चाचणी काढली त्याच वर्षी. भीतीला कायद्यात जागा मिळाली की ती निघायला किती वेळ लागतो, हे दोन्ही देशांनी दाखवले.

पण एल. जी.ने नाकारलेल्या तपासण्या दोन होत्या. एक गेली, दुसरी राहिली. अमली पदार्थांची तपासणी आजही होते. एचआयव्हीविषयी जगभर संघटना होत्या, संयुक्त राष्ट्रांचे धोरण होते, शास्त्राची साथ होती. नशेच्या संशयात सापडलेल्याच्या बाजूने असे कोणी उभे राहत नाही. म्हणून समितीचा तर्क दोन्ही तपासण्यांना लागू असूनही तो एकीपुरताच अमलात आला.

पाचवा प्रश्न : गेल्या पाच वर्षांत गंभीर आजार किंवा दुखापत झाली का?

पाचही प्रश्नांत मुदत आहे ती फक्त इथे. पाच वर्षांची मर्यादा इथे सुचली, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांत का सुचली नाही? हाड मोडल्याची आठवण पाच वर्षांनी पुसायला पत्रक तयार आहे. नशेची आणि मनाच्या त्रासाची पुसायला तयार नाही.

तळाची ओळ : वरील माहिती खरी आहे, कोरियात पोचल्यावर नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणी होईल, माहिती खोटी निघाल्यास कारवाई होईल.

अर्जदार सही करतो ती आपल्या देशात बसून, पण त्या सहीची परीक्षा होते कोरियात. पोचल्यापासून नव्वद दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायची असते, आणि त्यासाठी तपासणीचा अहवाल लागतो. मेथअँफेटामिन, कोकेन, अफू आणि गांजा या चार गटांची चौकशी होते. यातली एक पद्धत टीबीपीई नावाच्या रंगद्रव्याची. परीक्षानळीत लघवीच्या नमुन्यावर हे पिवळे द्रावण टाकतात. अमाइन गटातले औषध नमुन्यात असेल तर पिवळा रंग जाऊन लालसर जांभळा उमटतो. मेथअँफेटामिन हे अमाइन आहे. पण सर्दीच्या गोळीतले स्यूडोएफेड्रिनही अमाइन आहे, आणि अ‍ॅलर्जीवरच्या कित्येक गोळ्याही. रंगाला त्यांच्यात फरक करता येत नाही. गांजातल्या टीएचसीत अमाइन नाहीच, त्यामुळे त्याच्यासाठी प्रतिपिंडांवर चालणारी वेगळी पट्टी लागते. पहिल्या फेरीतला असा प्रत्येक निकाल फक्त संशय असतो. तो पक्का करायचा तर गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीची दुसरी तपासणी करावी लागते, आणि ती महाग आणि वेळखाऊ असते.

अफूच्या चाचणीचेही तसेच. दिवाळीच्या अनारशांवर आपण जी खसखस लावतो ती अफूच्याच बोंडातली. तिच्यावर मॉर्फिनचे अंश असतात. खसखस भरपूर खाल्ल्यावर लघवीत मॉर्फिन सापडू शकते. अमेरिकेत केंद्र सरकारच्या तपासण्यांची मर्यादा १९९८ मध्ये मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली, ती मुख्यतः याच कारणाने. खोकल्याच्या औषधातले कोडीनही याच गटात सापडते.

मायदेशी या शिक्षकांना जास्त संरक्षण असते का? अमेरिकेपुरते सांगता येईल, की उत्तर एकसारखे नाही. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये संशयाविना शिक्षकांची तपासणी घटनाबाह्य ठरवली. १९९८ मध्ये टेनेसीतल्या एका जिल्ह्यात नव्या शिक्षकांची तपासणी केंद्रीय अपील न्यायालयाने योग्य मानली. २००९ मध्ये पश्चिम व्हर्जिनियात न्यायाधीशांनी शिक्षकांच्या अचानक तपासण्या रोखल्या. निकाल दोन्ही बाजूंचे आहेत, पण प्रत्येक वेळी सरकारला न्यायालयात येऊन तपासणी का हवी याचे कारण द्यावे लागले. व्हिसाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या परदेशी माणसाला असे कारण मागता येत नाही. देशात कोणाला घ्यायचे हा राज्याचा अधिकार आहे, एवढे सांगून विषय संपतो.

इथे कोरियाच्या बाजूची एक गोष्ट सांगणे न्यायाचे आहे. तिथल्या शालेय शिक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन २०२१ पासून अमली पदार्थांचे व्यसन असलेल्याला शिक्षकाची पात्रताच मिळत नाही. त्यामुळे कोरियन विद्यार्थी-शिक्षकांनाही पदवी घेताना तपासणीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे परदेशी शिक्षकांपुरती सुरू झालेली तपासणी आता घरच्यांपर्यंत पोचली. भेदभावाचा आक्षेप त्याने काही प्रमाणात सौम्य होतो, आणि मला हे पाऊल आधीच्या नियमापेक्षा प्रामाणिक वाटते. मुलांच्या हिताचे कारण खरे असेल, तर ते वर्गातल्या प्रत्येकाला लागू व्हायला हवे.

तपासणी राहणारच असेल, तर तिच्यात तीन गोष्टी हव्यात. पहिल्या निकालावरच कोणाचे काम जाऊ नये, दुसऱ्या पद्धतीने खात्री झाल्यावरच निर्णय व्हावा. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवण्याची संधी निकालाआधी मिळावी. निकाल आधी त्या माणसाला कळावा, मग मालकाला. तिकडे निघालेल्या आपल्या शिक्षकांना मी सांगेन : घेत असलेल्या प्रत्येक औषधाची, सर्दीच्या गोळीसकट, चिठ्ठी इंग्रजीत सोबत ठेवा. तपासणीच्या आठवड्यात खसखस आणि कोडीनचे सिरप टाळा. एकाग्रतेवरचे किंवा वेदनाशामक औषध चालू असेल तर ते कोरियात नेता येते का, हे दूतावासाकडून लेखी विचारून घ्या. आणि पहिला निकाल प्रतिकूल आला तर कोणत्याही कागदावर सही करण्याआधी खात्रीची तपासणी लेखी मागा.